मंडईच्या दिवशी कुलूप

आरमोरी

प्रिय प्रफुलभाऊ,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की नाही कोण जाणे. आधी फोनच केला होता. तुझ्या ऑफिसातल्या गोड आवाजाच्या मुलीने उचलला आणि विषय काय म्हणून विचारलं. मी सख्खी बहीण आहे म्हटल्यावर म्हणाली, सर नातेवाइकांचे फोन रविवारी घेतात. माझा विषय रविवारपर्यंत थांबला असता रे, इतके दिवस थांबलाच आहे, पण तुझ्या रविवारच्या ठरल्या वेळात तो मावला नसता. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला तरी ती विषय विचारणार नाही. तू मला लहानपणी निबंध शिकवायचास आणि मी ‘मले-तुले’ लिहिलं की लाल पेनाने खोडायचास, म्हणून आजही होईल तेवढं शुद्ध लिहिते. मधेच राग आला आणि भाषा घसरली तर ती खोडत बसू नकोस.

आधी इथली खबर सांगते, नाहीतर तुला वाटायचं की नुसती भांडायलाच बसली. मी आरमोरीत आहे, इंदुताईंच्या मागच्या खोलीत. इंदुताई इथल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करतात, त्यांनीच मला तिथे पोळ्यांच्या कामाला लावून घेतलं. कणीक मळताना डावं मनगट ठणकतं, पण माझ्या एकटीचं भागतं. दिव्या मात्र अजून गोंडपिपरीकडेच आहे, माझ्या सासरी, विनोदच्या घरी. चार वर्षांची झाली. मला माझी लेक परत पाहिजे, भाऊ. सध्या मी उठते, राबते, दोन घास खाते ते सगळं तिला परत आणण्यासाठी, आणि हे पत्रसुद्धा त्यासाठीच आहे. एवढं ध्यानात ठेव आणि मग पुढचं वाच.

तुझा एक सल्ला मी मानला, हे ऐकून तुला बरं वाटेल. पैसे देऊन वेळ विकत घ्या, असं तू लोकांना सांगतोस ना? मी घेते. आठवड्यातून एक दिवस माझ्या वाटच्या पोळ्या दुसऱ्या बाईला लाटायला सांगते, तिला त्याचे पैसे देते, आणि तो दिवस माझा होतो. त्या दिवशी पहाटेची एसटी धरायची, गडचिरोलीला गाडी बदलायची, आष्टीवरून नदी ओलांडायची आणि पलीकडे जे वाहन मिळेल त्यात बसून सासरच्या गावी जायचं. तिथली अंगणवाडीची बाई भली आहे, ती मला कुंपणापाशी उभं राहू देते. खिचडी वाटतात तेव्हा दिव्या आपली ताटली घेऊन तारेजवळ येते, दोन घास मलाही भरवते. खिचडी संपली की मी निघते, कारण तिची आजी न्यायला येते. घरी एक आजी असते आणि कुंपणाला एक आई असते, असंच तिला वाटायला लागलं आहे. दुसऱ्या पोरींना सांगते, ही माह्यी कुंपणाची आई. परत यायला अंधार होतो. एवढा अख्खा दिवस आणि वर तिकिटाचे पैसे, एका खिचडीपुरत्या भेटीसाठी. तुझ्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात बसतं? तोट्याच्या बसत असेल तर बसू दे.

तुझं भाषण मी मोबाईलवर पाहिलं. पुष्कळदा पाहिलं. निळ्या कोटात तू चांगला दिसतोस, बाबांसारखा मान तिरपी करून बोलतोस. समोर केवढी माणसं, सगळी शिकलेली, वह्या उघडून बसलेली. वस्तूंवर खर्चू नका, अनुभवांवर खर्चा. ज्या कामात जीव रमत नाही ते पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्या. लोक काय म्हणतील या भीतीपायी आयुष्यातले किती दिवस मातीत जातात ते एकदा मोजा. हे सगळं झालं की तू पाणी पितोस आणि मग आपल्या घरची मंडई सांगतोस. तिकडच्या लोकांना मंडई म्हणजे भाजीबाजार वाटतो, म्हणून आधी त्यांना समजावतोस. दिवाळी झाली की झाडीपट्टीत प्रत्येक गावाचा एकेक दिवस ठरलेला असतो, चौकात दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरोघरी न बोलावता आलेले पाहुणे. लोक हसतात. आई चार दिवस चुलीपुढून उठत नसे, उडदाच्या वड्यांनी टोपले भरायचे, आणि रामाजीमामा पोटभर जेवून वर रस्सा पातळ होता म्हणून गावभर सांगायचे. लोक आणखी हसतात. मग तू आवाज खाली आणून म्हणतोस, मी ही मंडई बंद केली. त्या पैशातून आईला समुद्र दाखवला, उरलेले सरळ बहिणीला पाठवले. आणि शेवटी म्हणतोस, “माझी बहीण आज तिच्या घरी सुखात आहे.” त्यावर टाळ्या पडतात.

तुझं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. आईचे गुडघे दुखत होते हे खरं. मंडईनंतर ती दोन दिवस भिंतीला धरून चालायची. रामाजीमामा फुकटे होते आणि रस्साही कधीकधी पातळच असायचा. आलेल्यांतले निम्मे लोक आपल्याला वर्षभर विचारत नसत. तू हिशोब मांडलास तो बरोबरच होता, पण त्या अंगणात काय चाललेलं असायचं ते तुझ्या हिशोबातच आलं नाही. जेवणावळ तेवढी तुझ्या लक्षात राहिली आणि तुळसाआत्या विसरलास.

आठव जरा. तू पाचवीत होतास, मी पहिलीत. आपल्या घरची रीत होती, मंडईच्या सकाळी माहेरी आलेल्या लेकीला घरच्या बाईने न्हाऊ घालायचं, तिची पाठ घासून द्यायची. लेक नवी असो की नातवंडांची आजी झालेली असो. त्या सकाळी आई तुळसाआत्याला न्हाणीत घेऊन गेली. बाहेर आली ती ओल्या हातांनीच चुलीपाशी गेली आणि बाबांना काहीतरी हळू सांगितलं. बाबा तेव्हा आत्याच्या नवऱ्याला वाढत होते. त्यांनी वाढणं थांबवलं नाही. त्याला वडे वाढले, रस्सा वाढला, अजून घ्या म्हणाले, आणि सगळे सोयरे अंगणात पंगतीला बसलेले असताना, कोणाच्याही डोळ्याला डोळा न देता म्हणाले, “जवाईबापू, तुळसा आता इथीच राहीन. तुमी जेवून घ्या.” आत्याचे चुलतसासरे त्याच पंगतीत होते, त्यांचे व्याही होते, दोन गावचे पाटील होते. कोणाला काही झाकता आलं नाही. पुढे आत्याचा नवरा आपल्या काका-मामांना घेऊन आला, चार लोकांत शब्द देऊन तिला घेऊन गेला, आणि त्यानंतर त्याने तिच्यावर हात टाकला नाही. तूच तर तिची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत गेला होतास.

मंडई म्हणजे लेकींची पाहणी होती, भाऊ. वर्षातून एक दिवस असा की त्या दिवशी लेकीला माहेरी जाऊ नको म्हणायची कोणत्याही सासरची छाती नव्हती. न बोलावता जायचं, कोणी कारण विचारायचं नाही. आणि आईच्या हाताखाली पाठ उघडी करायची. वडे-रस्सा हा त्या पाहणीचा वरखर्च होता. तो तू वाचवलास.

बाबा होते तोवर विनोद सरळ होता. बाबा कधीही, न सांगता, तांदळाचं पोतं एसटीच्या टपावर टाकून यायचे, दोन घटका बसायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. त्यात किती वेळ जात असेल ते त्यांनी मोजलं नसणार. ते गेले, तेरावं झालं, आणि पहिल्या दिवाळीला तुझा फोन आला. विनोदच्या फोनवर आला, कारण माझा फोन तोवर बिघडला होता, म्हणजे बिघडवला होता. तू म्हणालास, मंडईचं हे लोढणं आईला आता झेपत नाही, या वर्षीपासून बंद करू, तुझ्या वाटचं मी तुला रोख पाठवतो, तुला चालेल ना? विनोदने आवाज मोठा करून ठेवला होता आणि समोरच्या बाजेवर शेंगा सोलत ऐकत होता. मी म्हटलं, चालेल भाऊ. दुसरं काय म्हणणार होते? भाषणात तू सांगतोस की बहिणीला विचारून निर्णय घेतला. विचारलंस खरं. पैसे विनोदच्या खात्यावर आले, त्यातून त्याने मोटारसायकलचा हप्ता भरला, आणि माझ्या भाऊबिजेवर बसून तो गावभर हिंडायचा. त्या वर्षी मी गेलेच नाही.

मग तुझे रविवारचे फोन सुरू झाले, तोंड दिसणारे. रविवारी सकाळपासून सासू मागे लागायची, चांगली साडी नेस, लांब बाह्यांचा पोलका घाल. विनोद फोन धरून समोर बसायचा. तू तिकडून हात हलवायचास, आईला मधे घ्यायचास, आणि एकदा म्हणालास, रीता, तब्येत सुधारली तुझी, गाल वर आलेत. गाल सुजला होता रे माझा. तुला कसं कळणार, एवढ्याशा चौकटीत कोणाला काय कळतं? फोनमध्ये तोंड दिसतं. पाठ दिसत नाही. जेवायला उरलंसुरलं मिळतं हे दिसत नाही, आणि फोन कोणाच्या हातात आहे हेही दिसत नाही. एकदा मी शेजारणीच्या फोनवरून तुला लावला. तू उचलला नाहीस, ठरल्या वेळेशिवाय उचलायचा नाही हा तुझा नेम. थोड्या वेळाने त्या शेजारणीच्या फोनवर छापील निरोप आला, आपण संपर्क केल्याबद्दल आभार. ती बिचारी आठ दिवस विचारत होती, हे कोणाचे आभार आले म्हणून.

पुढच्या दिवाळीत मी ठरवलं, घरची मंडई बंद असली तरी गावची तर होणारच. आई घरी असेल. तिच्यापाशी जायचं, सगळं सांगायचं आणि परत फिरायचं नाही. दिव्याचे दोन झगे आणि माझं बारावीचं मार्कशीट पिशवीच्या तळाशी घातलं. विनोदला भीतभीतच विचारलं, तर तो लगेच हो म्हणाला. मीच नेतो म्हणाला, नवीन शर्टसुद्धा घातला. मूल गाव आणि सिंदेवाही मागे पडून आपल्या गावचा रस्ता लागला तेव्हा मला वाटलं, सुटले. चौकात दंडारीचे ढोलके वाजत होते, जिलेबीवाल्यांच्या कढया लागल्या होत्या, घराघरातून माणसं सांडत होती. आपल्या घराचं अंगण तेवढं झाडलेलं नव्हतं. दाराला कुलूप होतं.

विनोद गाडीवरून उतरलाही नाही. दिव्याला पुढ्यात घेऊन तसाच बसून म्हणाला, “तुह्या भावानं मले आठ दिवस आधीच सांगतलं होतं, मायलेक समुद्रावर जाऊन राह्यले म्हणून. म्हटलं तुले दाखवूनच आणतो. पाहून घे नीट. तुह्या माहेराले कुलूप हाय.”

मी त्या कुलपाला हात लावला. का लावला, काय माहीत. तेवढ्यात शेजारच्या लच्छूकाकांच्या घरून काकीने हाक मारली, मंडईच्या दिवशी लेक उपाशी जाईन काय म्हणाली, आणि आम्हाला आत नेलं. विनोद मांडी ठोकून जेवला. वडे किती छान झाले म्हणून काकीचं कौतुक केलं. मीही जेवले, चार बायका पाहत होत्या. काकीने मायेने माझ्या पाठीवरून हात फिरवला, मी अंग चोरलं. काय झालं वो बाई, असं तिने विचारलं. मी म्हटलं, उन्हाने डोकं धरलं. दुसऱ्याच्या घरी कोणी पाठ उघडी करत नाही, भाऊ, त्यासाठी आपलंच घर लागतं. परत आल्यावर विनोदने तू पाठवलेला फोटो मला मोठा करून दाखवला. आई समुद्रात घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती, एका हातात चप्पल धरलेली, आणि तुझ्याकडे न पाहता भलतीकडेच पाहत होती. खाली तू लिहिलं होतंस, आईच्या आयुष्यातला सर्वात आनंदाचा दिवस.

त्या दिवसानंतर त्याचा हात सुटला. आधी तो मारायचा, पण कुठेतरी धाक होता, हिच्या माहेरचं कोणी येईल, पाहील, चार लोकांत विचारेल. कुलूप पाहिल्यावर तो धाक गेला. माझं मनगट त्यानंतरचं आहे. दवाखान्यात नेलं नाही, सासूने हळद लावून फडकं बांधलं, आणि ते वाकडंच बसलं. त्याच हिवाळ्यात तू आईला कायमची तुझ्याकडे नागपूरला नेलीस आणि मंडईची मोठी गंजं-कढया मोडीत काढल्यास, हे मला रविवारच्या फोनवर कळलं. जागा मोकळी झाली म्हणून तू खूश होतास. मी पण खूश दिसले असेन.

यंदा उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला. पानांचे पैसे चांगले येतात म्हणून सासूने मला तोडायला धाडलं आणि दिव्याला घरी ठेवून घेतलं. हुशार बाई आहे ती, लेकरू घरी असलं की सून परत येते हे तिला ठाऊक. माझ्यासोबत सुकरी नावाची बाई पानं तोडायची, जंगलाकडच्या टोल्यावरच्या छोट्या वस्तीतली. माझ्याने पानांचे पुडे बांधवत नव्हते, ती रोज माझे बांधून द्यायची. कधी काही विचारलं नाही. एके दिवशी माझ्या डोक्याची खोक पाहिली आणि म्हणाली, “आज घरी नोको जाऊ. माह्यासंग चाल.” मी गेले. तिची लेक आरमोरीच्या वसतिगृहात शिकते, म्हणून सुकरीनेच मला इंदुताईंपाशी आणून सोडलं. आता तिकडे सगळे म्हणतात, लेकीला टाकून गेली. म्हणू देत. त्या रात्री परत गेले असते तर लेकीला आई राहिली असती का, हे कोणी म्हणत नाही. तुला कळल्यावर तू पैसे पाठवलेस, आणि कोणा समुपदेशकाचा नंबर, पहिली भेट मोफत. पैसे मी परत पाठवले ते तुझ्या लक्षात आलं का? तू मात्र आला नाहीस. नागपूर काही सातासमुद्रापलीकडे नाही.

गेल्या महिन्यात आई येऊन गेली. ती भजनी मंडळाच्या सहलीला गेली असं तू समजत होतास. सहल कुठली आलीय, ती एकटी एसटीत बसून, वडशाला गाडी चुकवून, विचारत विचारत इथे आली. पिशवीत लाखोळीची डाळ होती. तिने पाणी प्यायच्या आधी इंदुताईंना विचारलं, न्हाणी कुठी हाय. मला बसवलं, पाणी काढलं, पाठीवर हात ठेवला आणि तिचा हात थांबला. मग ती पुन्हा पाणी ओतायला लागली, एकेक तांब्या, आणि म्हणाली, “मंडई राह्यली असती तं मले तवाच दिसलं असतं, बाई.” मी वळून पाहिलं नाही. जाताना मला बजावून गेली, प्रफुलले नोको सांगू, त्याच्या मनाले लागन. तिला अजून तुझ्या मनाची पडली आहे. म्हणून मी मुद्दाम सांगते आहे. लागू दे तुझ्या मनाला. माझ्या पाठीला लागलं, त्या मानाने काहीच नाही.

आता कोर्टाचं. दिव्याला माझ्याकडे द्यावं म्हणून मी इथल्या कोर्टात अर्ज केला आहे. सरकारकडून मिळालेल्या वकीलबाई आहेत, तरुण आहेत पण मन लावून काम करतात. गेल्या तारखेला विनोदचा वकील उभा राहिला आणि म्हणाला, ही मारहाण वगैरे सगळं मागाहून रचलेलं आहे, बाई सुखात होती. पुरावा म्हणून त्याने मोबाईल काढला. जजसाहेबांसमोर धरला आणि आवाज मोठा केला. भाऊ, त्या खोलीत तुझा आवाज आला. ते भाषण मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे ऐकलं, पुष्कळदा पाहिलं ते त्यानंतर. पंख्याच्या आवाजात तू म्हणत होतास, माझी बहीण आज तिच्या घरी सुखात आहे. टाळ्या पडल्या त्यासुद्धा ऐकवल्या त्यांनी. विनोदचा वकील म्हणाला, सख्खा भाऊ सांगतो आहे, भरल्या सभेत सांगतो आहे, भावापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? विनोद माझ्याकडे बघून हसत होता. आई साक्ष द्यायला तयार आहे, पण वकीलबाई म्हणाल्या, आई लेकीच्याच बाजूने बोलणार असं ते म्हणतील. जो बोलला त्यानेच येऊन ते खोडायला पाहिजे.

म्हणून हे पत्र लिहिलं. पुढची तारीख पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी आहे. त्या दिवशी पुण्यात तुझं मोठं शिबिर आहे, मला माहीत आहे, जाहिरात पाहिली, सगळ्या जागा भरल्यात म्हणे. पैसे पाठवू नकोस. नागपूरचा महागडा वकील पाठवू नकोस, तुझ्या सहीचा कागद नको, आणि फोनवरून तोंड दाखवतो म्हणशील तर ते तर नकोच. तू ये. सकाळी ये, कारण नाव कधी पुकारतील ते कोणी सांगत नाही. बाहेरच्या बाकावर बसावं लागेल, चहा पांचट मिळतो, दुपारी सावली सरकली की उठून दुसरीकडे बसावं लागतं. संध्याकाळी साहेब कदाचित नुसती पुढची तारीख देतील आणि तुझा दिवस फुकट जाईल, मग तुला पुन्हा यावं लागेल. नाव पुकारलं तर आत जाऊन एवढंच सांग की बाबा गेल्यापासून मी माझ्या बहिणीच्या घरी गेलो नाही, तिला डोळ्यांनी पाहिलं नाही, ती सुखात आहे असं मी न पाहता बोललो. हे बोलायला मिनिटभर लागेल. तू आला नाहीस तर साहेब तुझं भाषण खरं धरतील, आणि दिव्या तिथेच मोठी होईल.

अजून तरी तुझीच,
रीता